डोक्यावर पारखलेली फळी

व्हार्निशचा वास आला की अकोट्यातलं मित्राचं गॅरेज आठवतं. वर उभं राहून मोठ्या पतंगाने ओढून घ्यायच्या, चाकं लावलेल्या दोन फळ्या त्याने परदेशातून आणल्या होत्या आणि त्यातली एक मी घेणार होते. बाबा म्हणाले, “जड घे, नाहीतर उडून जाशील.” मला तर उडायचंच होतं. उत्तरायणाचा पतंग पारखतात तशी मी एकेक फळी डोक्यावर टेकवून वाकवली. जड फळी ढिम्म हलली नाही. बांबूची हलकी फळी वाकून झटकन सरळ झाली. तीच घेतली. पादरा गावाजवळच्या मोकळ्या शेतात चाकं पहिल्यांदा जमिनीवरून सुटली, तेव्हा बाबाच ओरडले, “खेच, बेटा, खेच!” आज माझी मुलगी स्वतःची फळी निवडतेय. “जड घे” अगदी ओठांवर येतं. मी ते गिळून टाकते.