मुलुंडच्या खोलीत गवर जेवली

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी आईने दाराला कुलूप लावलं आणि लगेच पुन्हा उघडलं. चुलीतला विस्तव नीट विझलाय का, एवढंच तिला बघायचं होतं. बाबा पायवाटेवरून ओरडत होते, "एसटी थांबणार नाय आपल्यासाठी!" आत्या अंगणात उभी होती. तिच्या हातात आईची पिशवी होती. त्या पिशवीत आमच्या गवरीचा मुखवटा जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेला होता. पिशवी परत देताना आत्या म्हणाली, "वैनी, मुंबईला गेलीस तरी हिला तिचं जेवण घाल हो. माहेरवाशीण हाय ती." आईने मान हलवली. मुंबई येईपर्यंत ती पिशवी तिने मांडीवरून खाली ठेवली नाही.

वाडीच्या मंडळाच्या अंकासाठी काहीतरी लिही, वाडीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी तू, असं मला सांगण्यात आलं. जमेल की नाही ते माहीत नाही. शहराबद्दल मोठं काही सांगण्याएवढं मी अजून पाहिलेलंही नाही. म्हणून आमच्या घरात घडलं तेवढंच लिहिते. गावी राहिलेल्यांना ते विचित्र वाटेल. मुंबईत आलेल्यांना कदाचित वाटणार नाही.

बाबा माझ्या जन्माआधीपासून मुंबईत. परळला गावच्या माणसांबरोबर एका खोलीत राहायचे आणि गिरणीत जायचे. संपानंतर त्यांची गिरणी काही उघडली नाही. काही महिने साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये काढले आणि मग मुलुंडच्या एका कारखान्यात लागले. त्याच वर्षी मी बारावी झाले. पोरगी शिकतेय तर शिकू दे, म्हणून त्यांनी खोली शोधली आणि आम्हाला न्यायला गावी आले. कारखाना पायी जाण्यासारखा, कॉलेज बसने जवळ. एक खोली, स्वयंपाकघर, नळ आत. इतकं चांगलं बिऱ्हाड त्यांच्या ओळखीत कोणाचंच नव्हतं.

मालक शांतिभाई त्याच मजल्यावर राहायचे. घर दाखवण्याआधी त्यांनी बाबांना एकच विचारलं होतं, "मच्छी-मटण?" बाबा म्हणाले होते, "घरात शिजणार नाही." हे आम्हाला कळलं ते सामान उघडताना. आईने गावाहून आणलेल्या सुक्या बांगड्यांची पुडी बाहेर काढली आणि बाबांनी ती झडप घालून परत पिशवीत टाकली. त्याच संध्याकाळी ते ती पुडी भांडुपला भागीमावशीकडे देऊन आले. भागीमावशी आमच्याच वाडीची; भांडुपच्या टेकडीवर चाळीत राहते.

मग आमचं तसंच सुरू झालं. आठवडाभर डाळ, कोबी, बटाटा. आई तक्रार करायची नाही. जेवताना फक्त म्हणायची, "पोट भरलं." रविवारी आम्ही भागीमावशीकडे जायचो आणि तिथे पोटभर मासे खायचो. परतताना मावशी लिंबाची फोड द्यायची, त्याने हात घासायचे. मुलुंडच्या इमारतीचा जिना चढायच्या आधी आई माझा हात नाकाशी नेऊन बघायची. मला ते हसण्यासारखं वाटायचं. आईला नाही.

इमारतीतली माणसं वाईट होती, असं मी लिहिणार नाही. शांतिभाईंच्या बायकोने, हंसाबेनने, आईला गॅस पेटवायला शिकवला. पहिल्यांदा भडका उडाला तेव्हा आई दारापर्यंत पळाली होती आणि दोघी नंतर कितीतरी वेळ हसत होत्या. त्यांच्याकडून थेपले यायचे, आमच्याकडून वाटीत घावनं जायची. "सुमन तो मारी दीकरी जेवी," अगदी माझ्या लेकीसारखी, असं त्या माझ्याबद्दल म्हणायच्या, आणि ते तोंडदेखलं नव्हतं. मला ती खोली आवडायची. खिडकीशी बाबांनी टेबल लावून दिलं होतं, वर ट्यूबलाइट. एवढ्या शांततेत मी आधी कधीच अभ्यास केला नव्हता.

कॉलेजात प्राची नावाची मैत्रीण झाली. एकदा बोलता बोलता मी मासे खाते हे तिला कळलं. ती म्हणाली, "काय सांगतेस! वाटत नाही यार तुझ्याकडे बघून." मला आधी बरं वाटलं. बसमध्ये बसल्यावर विचार करत राहिले, की बरं का वाटलं?

गणपती जवळ आले. गावचं घर बंद, बाबांना रजा नाही, म्हणून त्या वर्षी गणपती आणि गवर दोन्ही मुलुंडला बसणार होती. आणि आमच्या गवरीला तिखटाचा नैवेद्य लागतो. तुम्हाला सांगायला नको, पण अंक बाहेरचंही कोणी वाचेल म्हणून लिहिते. आमच्याकडे गवर आली की दुसऱ्या दिवशी तिला मटण आणि वडे. गणपती तिचा मुलगा, पण तो यातलं काही खात नाही. म्हणून तिचं ताट वाढताना दोघांच्या मध्ये पडदा लावायचा. आईचं जेवण वेगळं, मुलाचं वेगळं. दोघं एकाच मखरात बसतात आणि कोणी कोणाला बोलत नाही. गावी हे इतकं साधं होतं की त्याचा मी कधी विचारही केला नव्हता.

खालच्या मजल्यावरच्या काकूंना कुठून तरी समजलं होतं. त्या आपल्या मराठीच. जिन्यात आईला थांबवून म्हणाल्या, "तुमच्यात सणाला पण चालतं म्हणे? देवासमोर? बाई बाई, मला तर कल्पनाच करवत नाही." आई म्हणाली, "तिच्यासाठीच करतो आम्ही." काकूंना ते कळलं नसावं.

घरी बाबांनी स्पष्ट सांगितलं, "या वर्षी गोडाचा दाखव. शब्द दिलाय मी. बिऱ्हाड गेलं तर पोरीचं कॉलेज गेलं."

"शिजवणार नाय असा शब्द दिलात ना? नाय शिजवत," आई म्हणाली. "भागीकडे शिजेल. पण माहेरी आलेल्या पोरीला मी तिच्या तोंडचं काढून दुसरं देणार नाय."

शेवटी भागीमावशीकडून डबा आणायचं बाबांनी कबूल केलं. खरं तर मला गोडाचा चालला असता.

गवर जेवायच्या दिवशी वडे घरीच तळले. तांदळाच्या पिठाच्या, पुरीसारख्या वड्यांना कोण काय म्हणणार? मटण भागीमावशीकडे शिजलं. बाबांनी तो डबा फडक्यात बांधून, वर केळीची पानं टाकून आणला. जिन्यात शांतिभाई भेटले. "गणपतीचा सामान?" त्यांनी विचारलं. "होय होय," म्हणत बाबा वर आले आणि खुर्चीत बसून मान पुसत राहिले.

आईने मखरात मधोमध चादर बांधली. गवरीपुढे ताट वाढलं. बाबा म्हणाले, दाराला कडी लाव. आई म्हणाली, "सणाच्या दिवशी कडी लावून जेवेल काय ती? चोरी केलीय?" दार नुसतं लोटलेलं राहिलं.

आणि हंसाबेन आत आल्या. हातात नारळ. त्या जैन; त्यांचं पर्युषण, उपासाचं पर्व, नुकतंच झालं होतं. आठ दिवस त्या फक्त उकळलेल्या पाण्यावर राहिल्या होत्या, चेहरा अजून उतरलेला होता. आई त्या दिवसांत मला म्हणायची, "बाई खरी हाय. माझ्याने एक दिवस निघणार नाय."

त्यांनी गणपतीला हात जोडले. "सुमननी मम्मी, काय बनवला? एकदम मस्त वास येते." वड्यांचाच वास होता तो. मग चादर दिसली. "आ पडदो केम?" हा पडदा का, असं त्यांनी विचारलं.

"गवर जेवतेय," आई म्हणाली.

हंसाबेन खूश झाल्या. "ओहो! मग मला पण प्रसादी द्या. ती पुरी द्या एक, मातानी थाळीतली." आणि चादरीच्या कडेने त्यांनी ताटाकडे हात नेला.

आईने त्यांचं मनगट धरलं. "त्या ताटातलं नको. तुम्हाला चालणार नाय."

"केम?"

बाबा आईकडे बघून मान हलवत होते, अगदी बारीक. ते पुढे होऊन म्हणालेसुद्धा, "ते काय आहे बेन, आमच्यात गवरीचं ताट बाहेरच्यांना..." तेवढं पुरलं असतं. विषय मिटला असता आणि आम्ही त्याच खोलीत राहिलो असतो.

"मटण हाय त्यात," आई म्हणाली.

हंसाबेननी हात मागे घेतला. ताटाला लागलाही नव्हता, तरी पदराला पुसला. मग विचारलं, "इथे बनवला?"

"नाय. भांडुपला. इथे फक्त वडे."

त्या चादरीकडे बघत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "मी काय नाय बघितला. पडदो होता." आईकडून त्यांनी हळदीकुंकू लावून घेतलं. गणपतीपुढचा मोदक मात्र घेतला नाही. नारळ ठेवला आणि गेल्या.

दार बंद झाल्यावर बाबा आईवर भडकले. "जरा गप्प बसता येत नव्हतं तुला?"

"आठ दिवस पाण्यावर राहिलेली बाई ती. तिच्या तोंडात ते जाऊ देऊ? आणि देवीपुढे खोटं बोलू?"

हंसाबेननी शांतिभाईंना सांगितलं नाही. आम्ही बरेच दिवस वाट पाहिली, कोणी काही बोललं नाही. थेपले येत राहिले. पण हंसाबेन आता दारातूनच बोलायच्या, उंबरा ओलांडायच्या नाहीत. आमची वाटी गेली की धुऊन परत यायची. तिच्यातलं कोणी खाल्लं की नाही, ते आम्ही विचारलं नाही.

बाबा म्हणाले, "बाई चांगली निघाली. सुटलो."

"चांगलीच हाय," आई म्हणाली. "म्हणूनच सांगते, दुसरी खोली बघा. गणपती गवरीचा पोर हाय, त्याच्यासाठी पडदा लावीन. बिऱ्हाड टिकवायला नाय लावणार. आणि त्या बाईनेही आपल्यासाठी स्वतःच्या घरात नवऱ्यापासून का लपवावं?"

यावर घरात बरेच दिवस वाद झाला. बाबांचं म्हणणं एकच, पोरीचं कॉलेज. शेवटी दोघांनी मला विचारलं. मी टेबलाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं आणि म्हटलं, "परीक्षा होईपर्यंत राहू." आई लगेच हो म्हणाली.

परीक्षा संपल्यावर आम्ही भांडुपला गेलो, भागीमावशीच्या चाळीत. मुलुंडहून निघताना, सामान खाली नेत असताना, हंसाबेन जिन्यापर्यंत आल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बराबर भणजे, सुमन." म्हणजे, नीट शिक. आई त्यांना म्हणाली, "या एकदा. तुमच्यासाठी नवीन भांडं घेऊन त्यात करीन." त्या हसल्या. अजून आलेल्या नाहीत. आई म्हणते, येतील.

इथे पत्र्याखाली उन्हाळ्यात बसवत नाही. नळ बाहेर, तिथे रोज भांडण. शेजारचा रेडिओ भिंतीतून सरळ माझ्या पुस्तकात येतो. पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षी मला मार्क कमी पडले आणि त्याचं कारण ही जागा आहे, हे मी आईला सांगितलेलं नाही. तिला कळलं असेल. मुलुंडच्या खिडकीची मला आठवण येते. तिथे राहायला मिळालं असतं तर मी राहिले असते, हे खरं आहे आणि ते मला इथे लिहायला हवं.

तुम्ही पत्रात विचारता, घरी कधी येणार? गावच्या घराबद्दल विचारता, हे मला समजतं. बाबा मुलुंडला अजूनही "आपली जुनी जागा" म्हणतात. यातलं नक्की घर कोणतं, ते मला स्वतःला सांगता येत नाही. एवढं मात्र सांगते. संध्याकाळी आई दारात चूल मांडून बसते आणि पाणी भरून वर चढणारी कोणीतरी बाई विचारते, "काय गो वैनी, आज काय केलंस?" तेव्हा आई मान वर करून साऱ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "बांगडे!" गावी असं ओरडून सांगायची तिला कधी गरज पडली नव्हती. मी आत वाचत असते. तो आवाज आला की, मी माझ्या घरात आहे एवढं मला कळतं.