जाळीचं कुलूप

अण्णा जाळीआडून बोलायचे. दिवस मावळायच्या आत लोखंडी जाळीला आतून पितळी कुलूप खट्कन लागायचं आणि कुलपामागे हसतमुख अण्णा उभे. बडोद्याच्या सुभानपुऱ्यात त्यांचं घर माझ्या घरासमोर. मी बँकेतून परत येताना भाजी घेऊन आले, की ते गजांतून हात घालून मेथीची जुडी पारखायचे, "फसवलं गं तुला" म्हणायचे आणि वरून चहालाही बोलवायचे. मग भिंतीवरच्या खिळ्याची किल्ली काढून, कुलूप उघडून मला आत घेण्याचा सोहळा. "अण्णा, मी चहाला आलेय की तुरुंगात भेटायला?" असं मी चिडवायची.

ते कुलूप टांझानियाहून आलेलं. अण्णांनी तिथल्या एका सूतगिरणीत दहा वर्षं काढली होती. तिथल्या गोष्टी निघाल्या की त्यांचा चेहरा खुलायचा, आणि गोष्टीत हटकून जुमा यायचा. जुमा त्यांचा रखवालदार. पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, इकडे बडोद्याला असताना अण्णांना मलेरिया झाला, तेव्हा हा माणूस तीन दिवस जाळीबाहेर बसून त्यांच्याशी बोलत राहिला, गजांतून पेज देत राहिला. "माणूस इथून तिथून एकच गं," अण्णा म्हणायचे. मी एकदा सहज विचारलं, "मग त्याला आत का नाही घेतलंत?" अण्णांचा चेहरा उतरला. "गिरणीच्या कॉलनीत तशी रीत नव्हती," एवढंच म्हणाले.

वहिनी गेल्या, मुलगा कॅनडात. अण्णांनी गच्चीवरची खोली एस्थरला द्यायचं ठरवलं. एस्थर टांझानियाचीच, इथे फार्मसी शिकणारी. सोसायटीची मिटिंग तापली. "अण्णा, ए लोकोने मकान ना अपाय," असल्या लोकांना घर द्यायचं नसतं, असं चेअरमननी बजावलं. अण्णा ताडकन उठले. दहा वर्षं मी तिच्या देशात राहिलो, मला कोणी घराबाहेर काढलं नाही, असं त्यांनी गुजरातीत ठणकावलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला. तरी त्यांच्या बाजूने बोलायला माझं तोंड उघडलं नाही, मी चहाच्या कपात बघत बसले.

एस्थर राहायला आली आणि महिन्याभरात माझ्या लक्षात आलं, की अण्णांचं कुलूप आता भर दिवसाही वाजतं. गच्चीचा जिना त्यांच्या जाळीसमोरूनच खाली उतरायचा. तिची पावलं वाजली, की बोलता बोलता अण्णांचा हात कुलपाकडे जायचा. खट्. दूधवाल्याला नाही, पोस्टमनला नाही, मला तर नाहीच. पोरगी हुशार. ती वरच्या पायरीवरूनच हाक द्यायला लागली, "अंकल, हुं छुं, एस्थर!" मीच आहे हे कळावं, म्हाताऱ्याने दचकू नये, म्हणून. तरीही खट्. मग ती भराभर उतरून जायची.

मी न राहवून अण्णांना टोकलं. त्यांनी स्वतःचा हात उलटासुलटा करून पाहिला. "तोंड लवकर शिकतं गं, हात शिकत नाही. मी सगळ्यांना सांगतो, दहा वर्षं आफ्रिकेत होतो. कसला आफ्रिकेत? दहा वर्षं जाळीत होतो."

एका शनिवारी बँकेला सुट्टी होती. दुपारी एस्थरची किंकाळी ऐकून मी धावले. अण्णा जाळीच्या आत, दोन हातांच्या अंतरावर, जमिनीवर पडलेले. अर्ध्या तासापूर्वी ती दुकानात जायला उतरली, अण्णांनी कुलूप लावलं, वळताना पायपुसण्यावरून पाय घसरला आणि खुबा मोडला. त्यांनी हाका मारल्या होत्या, पण कुलूप वाजल्यावर ती कधी थांबायचीच नाही. किल्ली खिळ्यावर, अण्णांना दिसत होती, हाताला लागत नव्हती; बाहेरून आमचाही हात तिथे पोचेना. मी कुलूप तोडणाऱ्याला फोन केला. तो येईपर्यंत एस्थर फरशीवर पालथी झोपली, गजांतून खांद्यापर्यंत हात घातला आणि अण्णांची बोटं धरून राहिली.

"एस्थर, ये ताला मैंने तेरे लिये लगाया था," अण्णा म्हणाले.

"मालूम है, अंकल. रोज सुनती हूँ."

"फिर भी यहाँ रही?"

"दूसरा रूम कौन देता, अंकल?"

अण्णा रडले. खुब्याच्या दुखण्याने ते रडले नव्हते.

हॉस्पिटलातून आल्यावर त्यांनी नवं कुलूप आणू दिलं नाही. खाट पुढच्या खोलीत, जाळी दिवसभर उघडी. एस्थर आत येऊन त्यांना वेळेवर गोळ्या द्यायची. पण जिन्यावरून तिची हाक आली, की चादरीवरून त्यांचा उजवा हात उचलला जायचा. ते तो डाव्या हाताने दाबून धरायचे. "बघ, अजून जातो," असं मला म्हणायचे, एवढंसं तोंड करून. तीन महिन्यांनी अण्णा गेले. तोवर त्या हाताने त्यांचं ऐकलं नाही.

मुलाने घर विकायला काढलं. परवा संध्याकाळी माझ्या दाराबाहेरून हाक आली, "आंटी, हुं छुं, एस्थर!" तिला महिनाअखेर खोली सोडायची होती, आणि माझी गच्चीवरची खोली रिकामी आहे हे तिला ठाऊक होतं. मी तिला बस म्हटलं, पाणी दिलं, अण्णांच्या आठवणी काढल्या. मग म्हणाले, "घर में पूछ के बताती हूँ."

"चालशे, आंटी," म्हणून ती दारापुढच्या पायऱ्या भराभर उतरून गेली.

घरात मी एकटीच राहते.