एका पायावर एकवीस दिवस

२२ सप्टेंबर, सोमवार. रावेर. सकाळी सहाला आभाळ भरलेलं, वारा नाही. रात्रीचा पाऊस एकतीस मिलिमीटर.

माझ्या डायरीत त्या दिवसाची एवढीच ओळ आहे, खाली पान कोरं. संध्याकाळी मी दोनदा पेन उघडलं, दोनदा मिटलं. तेव्हा जे लिहवलं नाही ते आज सांगतो. चहा संपेपर्यंत मला अडवू नका, मध्ये थांबलो तर पुढचं सांगायची हिंमत राहायची नाही.

माझी भाची प्रांजल धुळ्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. देवपुरात खोली घेऊन राहते. तिचा प्रकल्प असा: ओल्या काळ्या जमिनीत ट्रॅक्टर किती रुततो, हे शेतात पाऊल न टाकता संगणकावर काढायचं. आता हे कळायला संगणक कशाला लागतो, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो.

"हसू नका मामा," ती फोनवर म्हणाली. "संगणकात टायर कसला मानायचा, तिथंच माझं अडलंय. तीन प्रकार आहेत. एक, टायर दबतो आणि जमीन दगडासारखी. दोन, चाक लोखंडासारखं आणि जमीन दबते. तीन, दोन्ही दबतात."

"मग तिसरा घे. खरं तेच आहे."

"खरं तेच. पण त्याच्या एका गणिताला माझा लॅपटॉप दीड दिवस घेतो आणि तव्यासारखा तापतो. जमीन फारशी दबत नसेल तर पहिला चालतो, दहा मिनिटांत उत्तर. म्हणून आधी तुमची जमीन किती दबते ते पाहिजे. ट्रॅक्टर जातो तिथला रोजचा एक आकडा. बाहेरचे परीक्षक शेतात येऊन ताडून बघणार आहेत. जुळलं नाही तर माझं वर्ष गेलं."

आणि वर म्हणाली, "तुमच्याइतकं नेमानं कोणी लिहीत नाही, मामा."

झालं. या एका वाक्यावर मी कोणाच्याही विहिरीत उडी मारली असती.

दुसऱ्या दिवशी लोहाराकडून वीतभर लांब, वीतभर रुंद सपाट लोखंडी पाटी करून आणली. केळीच्या बागेतल्या ट्रॅक्टरच्या वाटेवर ती ठेवायची, तिच्यावर एका पायावर एक मिनिट उभं राहायचं आणि पाटी किती आत गेली ते पट्टीने मोजायचं. एका पायावर का? दोन पाय मावत नव्हते. माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो. ते बदलू नये म्हणून एकवीस दिवस मी घरच्या श्रीखंडालाही हात लावला नाही.

आता नीट ऐका. अकरा वर्षं मी पाऊस मोजतो. त्यातला पहिला धडा असा की पर्जन्यमापक जागचा हलवायचा नाही. हलवला की आकड्यांना अर्थ राहत नाही. हाच नियम मी इथे लावला. रोज सकाळी सहा वाजता, तीच जागा, तोच पाय.

पहिल्या दिवशी पाटी अठ्ठेचाळीस मिलिमीटर आत गेली. दुसऱ्या दिवशी एकोणतीस. पाचव्या दिवशी अकरा. मला वाटलं, हात बसत चाललाय. सुरुवातीचे आकडे कच्चे म्हणून मी खोडून टाकले. पंधराव्या दिवसापासून रोज दोन. ना कमी, ना जास्त. इतके शिस्तीचे आकडे मला पावसानेही कधी दिले नव्हते.

आणि निष्काळजीपणा म्हणाल तर अजिबात नाही. पावसाने आकडा बिघडू नये म्हणून त्या जागेवर रात्री घमेलं पालथं घालत होतो. तरी पाणी झिरपलं तर सकाळी वाटीने उपसून, फडक्याने टिपून, मगच उभा राहत होतो.

आमचा ट्रॅक्टर चालवतात ते नाना वयाने माझ्याहून मोठे. चौथ्या दिवशी ते वाटेत थांबले.

"भाऊ, बगळ्यावानी काय उभे राह्यले?"

"जमीन मोजतोय, नाना. ट्रॅक्टर इथे रुततो का ते बघायचंय."

"ते मले इचारा ना. भादव्यात मी इथून सायकल नेत नाही."

"नाना, शेवटी आकडे बोलतात."

"मंग आकड्यालेच बसवा स्टेरिंगवर," असं म्हणून ते निघून गेले.

शेजारच्या शेतातल्या अक्का धुळ्याकडच्या. त्या आठव्या दिवशी बांधावर येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, हाई कोनता देवनं व्रत शे?"

मी सेकंद मोजत होतो. बोललो असतो तर चुकलो असतो. म्हणून हात वर करून थांबा अशी खूण केली. अक्कांनी वाकून नमस्कार केला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या जागेला हळदकुंकू लागलेलं, वर जास्वंदीची दोन फुलं. मी ती बाजूला केली आणि मोजलं. डायरीत नोंद आहे: 'दाब १० मिमी. फुले २.'

एकवीस दिवसांनी प्रांजलला कळवलं: दोन मिलिमीटर. ती चकित झाली. "मामा, ही तर रस्त्यासारखी जमीन आहे. मग पहिलाच टायर घेते." दहा मिनिटांत उत्तर आलं: भरलेली ट्रॉली जोडूनही ट्रॅक्टर चार मिलिमीटरच्या वर रुतणार नाही. मी ते अभिमानाने नानांना वाचून दाखवलं. त्यांनी तंबाखू चोळली आणि दाढेखाली धरली.

तर २२ सप्टेंबर. प्रांजल आणि परीक्षक सर पहाटेच धुळ्याहून निघून दहाच्या सुमारास पोचले. सर उंच, मितभाषी, पांढरे बूट घातलेले. ट्रॉलीत केळीची कापलेली खोडं गच्च भरलेली. नाना ट्रॅक्टरवर चढले, मला म्हणाले, "भाऊ, पुन्हा एकदा सांगा, किती?"

"चार मिलिमीटर."

"बरं," म्हणाले आणि क्लच सोडला.

ट्रॅक्टर सात पावलं गेला. मग पुढे जायचं सोडून खाली जाऊ लागला. नानांनी रेस दिली तसं मागचं चाक चिखल उडवत स्वतःची विहीर खणू लागलं. प्रांजल धावली, तिची चप्पल आतच राहिली. सर मागे सरकले तर त्यांचा एक बूट घोट्यापर्यंत गेला. दुसरा पाय त्यांनी जिथे मिळेल तिथे ठेवला, आणि तो पाय रुतला नाही.

सगळ्यांनी खाली बघितलं. वीतभर लांब, वीतभर रुंद, वीतभर खोल, आतून हळदकुंकवाने माखलेला चौकोनी खड्डा. तळ फरशीसारखा. सर त्यात एका पायावर उभे.

"ही जागा एवढी घट्ट कशी?" त्यांनी विचारलं.

"आमचे भाऊ रोज तिथं उभे राहात," नाना ट्रॅक्टरवरून म्हणाले. "एकवीस दिवस. धुमसानं जमीन ठोकल्यावानी."

प्रांजलने माझ्याकडे बघितलं. "मामा, रोज त्याच जागी?"

"पर्जन्यमापक हलवतात का कुठे," मी पुटपुटलो.

सरांनी डायरी मागितली. दुसरा पाय टेकायला जागा नसल्याने एका हाताने माझा खांदा धरून ते वाचू लागले. घमेलं वाचलं. वाटी वाचली. फडकं वाचलं. फुलांपाशी आल्यावर त्यांचा खांदा हलायला लागला. मला वाटलं तोल जातोय.

"हे खोडलेले आकडे कोणते?"

"पहिल्या आठवड्याचे. कच्चे होते."

"तेवढेच कामाचे होते," सर म्हणाले. मग प्रांजलला म्हणाले, "बेटा, पंधरा दिवस देतो. तिसरा टायर घे. वीस जागी मोज, एकेकदाच. आणि या खड्ड्यावर वेगळं प्रकरण लिही. एकाच जागी वारंवार भार दिला की माती कशी आवळत जाते, याची इतकी प्रामाणिक नोंद मी पाहिलेली नाही."

ट्रॅक्टर दुपारी अडीचला दोन बैलजोड्यांनी निघाला. माझी पट्टी पुरली नाही, म्हणून चाकाचा खड्डा नानांच्या छत्रीच्या दांडीने मोजला: चारशे दहा मिलिमीटर.

प्रांजलच्या तिसऱ्या टायरने उत्तर दिलं तीनशे नव्वद. ती त्या टप्प्यात उत्तीर्ण झाली. तिच्या अहवालाच्या पाचव्या पानावर यादी आहे.

वापरलेले साहित्य: १. लोखंडी पाटी, एक. २. मोजपट्टी, एक. ३. घमेले, एक. ४. मामा, अठ्ठ्याहत्तर किलो, एक.