खिडकीवाली भिंत

बंगळुरात जे. पी. नगरहून इलेक्ट्रॉनिक सिटीला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये तो रोज नेमका माझ्याच शेजारी येऊन बसायचा. विजापूरकडचा गवंडी, नखांत कायमचं सिमेंट. डोकं शांत करायला म्हणून मी खिशातून ब्रिक गेम काढला, की याचा हात पुढे. "स्वल्प द्या की, सर, थोडंच खेळतो." भिडेखातर मला नाही म्हणता यायचं नाही, आणि पुढचा अर्धा तास माझं डोकं उठायचं.

वरून पडणारे ठोकळे तो एक डोळा मिटून, ओळंबा लावल्यासारखे बसवायचा. हात चुकत नसे. पण प्रत्येक ओळीत मधोमध एक घर मुद्दाम मोकळं ठेवायचा. मग भिंत वरपर्यंत चढायची आणि खेळ खलास!

एक दिवस माझा संयम सुटला. "अहो, ते भोक बुजवा ना!"

"भोक नव्हं सर, खिडकी हाय."

"ओळ पूर्ण भरली की ती गायब होते. त्याचेच पॉइंट मिळतात!"

वेडा मीच आहे, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. "बांधलेलं गायब होतंय, तर बांधायचं कशाला?" म्हणाला, आणि पुन्हा खिडकी सोडली.

पुढे त्याचं तिकडचं काम संपलं आणि तो यायचा बंद झाला. सुटलो एकदाचा, म्हणत मी गेम काढला. पहिली ओळ भरली, गायब झाली, पॉइंट वाढले. आणि मी त्या रिकाम्या जागेकडे बघत बसलो.

भल्या माणसाने माझा खेळ कायमचा नासवून ठेवला!