शेवटची काच

मोहिलेबाईंनी कोणतीही गोष्ट कधी शेवटपर्यंत सांगितली नाही. बायकांनी भरलेल्या अंधाऱ्या वर्गात राणी घोड्यावर बसे, शत्रू वेशीपर्यंत येई, पोर पाठीला बांधलेलं असे, आणि नेमक्या तिथे बाई गप्प होत. मग मी जादूच्या कंदिलात, म्हणजे काचेवरचं चित्र पडद्यावर पाडणाऱ्या दिव्यात, शेवटची काच सरकवायची. त्या काचेवर चित्र नसे, नुसता मजकूर असे. पांढऱ्या कापडावर चार ओळी उमटत आणि बाई पदराने कपाळ पुसत बाजूला उभ्या राहत.

“आगळ शुं थयुं, बेन?” बायका विचारत. पुढे काय झालं?

“लखेलुं छे ने सामे,” बाई म्हणत. “वांची लो.”

समोर लिहिलेलं होतं, पण वाचणार कोण? बायका विनवण्या करीत, कोणी हात जोडी, एखादी म्हातारी चिडून बोटं मोडी. बाई थोडा वेळ हे सगळं बघत आणि मग मला सांगत, “कदम, दिवा घालव.” खिडक्यांवर टांगलेल्या घोंगड्या मी काढायला लागलो की बायका डोळे चोळीत, बाईंना शिव्या देत घरी जात. बाईंना त्या शिव्या आवडत असाव्यात. गाडीत त्या मला एकेक शिवी पुन्हा म्हणून दाखवीत.

बडोद्यातला सयाजीरावमहाराजांचा तो काळ. मुलींना शाळेत पाठवणं सक्तीचं होतं आणि न पाठवणाऱ्याला दंड होता. पुष्कळ लोक शांतपणे दंड भरीत आणि मुलीला घरी चुलीपाशी ठेवीत. त्यांच्या बायकांनी निदान बघावं, म्हणून थोर स्त्रियांच्या चित्रांच्या काचा घेऊन शिक्षणखात्यातर्फे आम्ही गावोगाव हिंडत होतो. माझे आजोबा घोडदळात, वडील पायदळात. मी कार्बाइडच्या दिव्याचा वास अंगाला लावून घेतलेला कंदीलवाला. बायकांच्या सभेत एकटा पुरुष, पण मला कोणी पुरुष धरीतच नसे. कंदील आणि मी मिळून एकच सामान होतो.

बाई स्वतः विधवा झाल्यावर, पंचविशीत, लहान पोरींच्या रांगेत बसून बाराखडी शिकल्या होत्या. “पोरी फिदीफिदी हसायच्या,” त्या म्हणत. “हसल्या म्हणून लवकर शिकले. कोणी लाड केले असते तर अजून क-ख-गच गिरवत बसले असते.” माया त्यांना जमत नव्हती असं नाही. तिचा उपयोग आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

बडोद्याजवळच्या डभोईला आम्ही छोट्या आगगाडीने जात असू. काचांची पेटी माझ्या मांडीवर, खाली कापूस, आणि गाडीने धक्का दिला की बाई पेटीकडे बघत, माझ्याकडे नाही. तिथल्या बायकांनी राण्यांना नावं पाडली होती: घोडावाळी, वाववाळी म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीची, किल्लावाळी. अशाच एका दुपारी खेळ संपल्यावर एक सून मागे रेंगाळली. सासू बाहेर चपला शोधत होती. लाज, म्हणजे तोंडावरचा घुंघट, जरा वर करून ती बाईंच्या कानाशी लागली. मी काचा पुसत होतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

“बेन, हुं वांची शकुं छुं. मला वाचता येतं. माहेरी भावाबरोबर शिकले. पण सासरी कोई जाणतुं नथी. शिकलेल्या बायकोचा नवरा जगत नाही म्हणतात. कुणाला सांगू नका.”

“नाव काय तुझं?”

“चंचळ.”

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला फार बरं वाटलं. वाटलं, आज बाईंचा दगड थोडा भिजला.

पुढच्या खेपेला किल्लावाळी राणी होती. वर्ग गच्च भरलेला. राणीच्या किल्ल्याला वेढा पडला, आतलं पाणी संपलं, आणि बाई थांबल्या. मी शेवटची काच लावली. नेहमीच्या विनवण्या सुरू झाल्या. बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि अगदी सहज, शाळेतल्या पोरीला हाक मारावी तशी हाक मारली.

“चंचळ, ऊभी था. वांच.”

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. बायकांच्या घोळक्यात एक जण उभी राहिली. तिची सावली कापडावर राणीच्या ओळींवर पडली, म्हणून बाईंनी तिला बाजूला व्हायला सांगितलं. चंचळ अडखळत, अक्षरं जोडत वाचू लागली. राणीने दरवाजा आतून उघडला, ती सगळ्यात पुढे चालत गेली, आणि तिच्यामागून किल्ल्यातल्या सगळ्या बायका निघाल्या. चार ओळी संपल्या आणि त्या वर्गाला पहिल्यांदाच गोष्टीचा शेवट कळला. काय टाळ्या पडल्या! सासूसुद्धा हसली. तिने सुनेच्या पाठीवरून हात फिरवला, बाईंनी वाटलेली साखर घेतली आणि तिला घेऊन घरी गेली.

घरी गेल्यावर तिने चिमटा चुलीत तापवला आणि सुनेच्या उजव्या हाताची बोटं भाजली. हे आम्हाला चार महिन्यांनी, पुढच्या खेपेला, शेजारणीने सांगितलं. चंचळ आली नव्हती. शेजारीण रडत होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, तिला पाणी दिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, “आज कोणती राणी?”

“घोडावाळी,” मी म्हटलं.

“लाव.”

त्या दिवशीही त्यांनी गोष्ट तशीच अर्धी तोडली. फरक एवढाच की तीन मुलींनी शेवट वाचायला हात वर केले. त्यांच्या आयांनी त्यांना शाळेत घातलं होतं, कारण चंचळने वाचलेलं त्यांनी ऐकलं होतं.

परतीच्या गाडीत मला राहवलं नाही. “बाई, तुम्हाला ठाऊक होतं.”

“होतं.”

“तिने विश्वासाने सांगितलं होतं.”

“एकट्या मला ठाऊक असून कोणाचं भलं होणार होतं? तीन पोरी वाचायला लागल्या, कदम.”

“आणि तिची बोटं?”

बाईंनी माझ्या मांडीवरची पेटी सारखी केली. “भाजलेली बोटं बरी होतात,” म्हणाल्या. मला त्या क्षणी त्यांची किळस आली. आणि तरी पुढच्या आठवड्यात मी काचांची पेटी उचलून त्यांच्या मागे चालत होतो, कारण त्या तीन मुलींचे वर झालेले हातही मीच पाहिले होते.

वर्षं गेली. बाईंची दृष्टी गेली. बडोद्यात नागरवाड्यातल्या एका खोलीत त्या एकट्या राहत, आणि मी रविवारी जाऊन बसत असे. एका रविवारी दारात पांढऱ्या लुगड्यातली बाई उभी होती. उजव्या हाताची बोटं आखडलेली. चंचळच ती. नवरा तापाने गेला होता. सुनेने वाचून मारला, असं सासूने गावभर सांगितलं आणि तिला घराबाहेर काढलं. ती बडोद्याला आली, शिकली, आणि आता मुलींच्या शाळेत शिकवत होती.

“बेन, तुम्हाला वाचून दाखवायला आले आहे,” ती म्हणाली.

तिने परदेशातल्या एका राणीचं नवंच छापलेलं चरित्र आणलं होतं. दर रविवारी ती येई आणि त्या आखडलेल्या बोटांनी पानं उलटीत वाची. बाई मध्येच उच्चार सुधारीत, “पुन्हा वाच,” म्हणून खेकसत. चंचळ पुन्हा वाची. बाई कधीतरी त्या बोटांबद्दल बोलतील याची मी वाट पाहिली. एक शब्द नाही. पण रविवारी सकाळपासून त्या दाराकडे तोंड करून बसत, हे शेजारच्यांनी मला सांगितलं होतं. त्या राणीत बाई इतक्या गुंतल्या की चंचळ यायच्या आधी मला त्याच विचारीत, “सुटेल का रे ती तुरुंगातून?”

शेवटच्या रविवारी राणीला तुरुंगातून बाहेर काढलं. वधाच्या चौथऱ्याच्या पायऱ्यांपाशी आणलं. चंचळने पान उलटलं आणि ती थांबली.

“आगळ शुं थयुं?” बाईंनी विचारलं.

चंचळने उघडं पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांचं बोट धरून पहिल्या ओळीवर टेकवलं.

“लखेलुं छे ने सामे,” ती म्हणाली. “वांची लो, बेन.”

ती नमस्कार करून निघून गेली आणि पुन्हा आली नाही. मी पुस्तक घ्यायला हात पुढे केला तर बाईंनी ते छातीशी धरलं. “खबरदार वाचलंस तर,” म्हणाल्या. “शिकली पोरगी. माझ्यासारखीच शिकली.” त्या रडत होत्या. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

आता रेडिओवर महिलांच्या कार्यक्रमात थोर स्त्रियांच्या गोष्टी लागतात. कोणी गोड आवाजाची बाई त्या शेवटपर्यंत सांगते, मध्ये कोणाला अडवत नाही. मीही ऐकतो. बाई त्यानंतर थोडेच दिवस जगल्या. त्यांच्या उशाखाली ते पुस्तक निघालं. शेवटच्या पानाची पहिली ओळ बोट फिरवून फिरवून पुसट झाली होती. त्या राणीचं पुढे काय झालं ते मी त्याच दिवशी वाचलं. बाईंना ते कधीच कळलं नाही.