दोनदा उमटणारं बटण

“मॅडम, कीबोर्ड खराब हाये एवढंच लिहून द्या ना,” काउंटरपलीकडची मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली.

“आधी तपासू दे बाई. खराब असला तर खराब लिहीन, चांगला असला तर चांगला.”

“चांगला निघाला तर मी चोर ठरते.”

मी चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. वीस-एकवीस वर्षांची, खांद्याला कॉलेजची बॅग. मागे बाकावर तिची आई, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलेली. दोघी लोणारकडच्या एका खेड्यातून सकाळच्या एसटीने मेहकरला आल्या होत्या. मुलीचं नाव वैष्णवी.

या सर्व्हिस सेंटरमध्ये मी बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करते आहे. अजूनही दोनातलं एक गिऱ्हाईक मला विचारतं, “सर कधी येतात?” आधी राग यायचा. आता रागाचाही कंटाळा आला. “सर म्हणजे मीच, बोला,” असं म्हणते आणि कामाला लागते. त्या आठवड्यात दिवाळी तोंडावर होती, टेबलावर उघडलेली मशीनं पडली होती, मान वळत नव्हती. त्यात हे प्रकरण म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

प्रकरण असं. वैष्णवी कॉम्प्युटरवर गेम खेळते. घरी बसून वेळ घालवायला नाही, टीममध्ये, स्पर्धेत. नागपूरच्या एका टीमने तीन फेऱ्या घेऊन तिला निवडलं होतं. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा फोटो फिरला, सरपंचांनी शाल दिली. पंधरा दिवसांनी स्पर्धा घेणाऱ्यांचा मेल आला. तुमच्या कीबोर्डवरून मॅक्रो चालवल्याचं दिसतं, परवापर्यंत खुलासा द्या, नाही तर नाव काढू.

मॅक्रो म्हणजे लबाडीचा छोटा प्रोग्राम. तुम्ही बटण एकदा दाबायचं, तो ते हवं तितक्या वेळा आणि हव्या त्या वेगाने दाबल्यासारखं करतो. या खेळात डी हे बटण झटकन दोनदा दाबलं की आपला खेळाडू बाजूला उडी मारून गोळी चुकवतो. वैष्णवीचा खेळाडू अशा उड्या मारत होता की माणसाच्या बोटाला ते जमणारच नाही. दोन दाबण्यांमध्ये सहा मिलिसेकंदाचं अंतर. पापणी लवायलाही त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

“मी नाही मारल्या त्या उड्या,” ती म्हणाली. “मले नको असतानीही तो उडत होता. दोनदा तर उडून सरळ दुश्मनाच्या पुढ्यात पडला.”

“हे कळवलंस त्यांना?”

“कळवलं. ते म्हन्तात, कीबोर्ड खराब असल तर कंपनीच्या सेंटरचं पत्र आना.”

आमचं सेंटर त्या कंपनीचं अधिकृत. म्हणून ती माझ्या डोक्यावर.

मी नेहमीचा फॉर्म काढला. पहिलाच प्रश्न : काही सांडलं का? चहा, पाणी, सरबत?

“नाही जी.”

मी तसं लिहिलं. बावीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाकडून काही सांडलेलं नाही. लॅपटॉप उलटा केला की चहा टपकतो, पण सांडलेला कोणाचाच नसतो.

कीबोर्ड मेकॅनिकल होता. आपल्या साध्या कीबोर्डमध्ये बटणांखाली रबराची एक चादर असते. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो. स्विचच्या आत एक स्प्रिंग आणि तांब्याच्या दोन बारीक पट्ट्या. बटण दाबलं की पट्ट्या टेकतात, सोडलं की सुटतात. पट्ट्यांवर घाण बसली की त्या थरथरतात, आणि एकदा दाबलेलं दोनदा उमटतं. आम्ही त्याला चॅटरिंग म्हणतो.

मी तो दुकानाच्या मशीनला जोडला. म्हणजे तिच्या मशीनमध्ये काही लबाडी असलीच, तर ती इथे यायचा प्रश्न नाही. तपासायचा प्रोग्राम लावला आणि सगळी बटणं ओळीने दाबली. मग डी शंभर वेळा, डब्ल्यू शंभर वेळा. एकदा दाबलं, एकदाच उमटलं. वायर हलवून पाहिली, बदलून पाहिली. पुन्हा शंभर. माझं मनगट भरून आलं, कीबोर्डला काही झालेलं नव्हतं.

तेवढ्यात आमचे शेठ आत आले. माणूस वाईट नाही, पण भानगड म्हटली की चार पावलं मागे सरकतो.

“मॅडम, काऊन एवढा वेळ लावून राह्यल्या?”

मी थोडक्यात सांगितलं.

“अन् निघालं काय?”

“अजून काही नाही.”

“मंग नाही म्हनून लिहा ना! आपल्या लेटरहेडवर कायले ओढून घेता? उद्या ते स्पर्धावाले इथं फोन करतीन. तिकडं सतरा मशीनं पडून हायेत.”

खरं सांगते, मी तसं लिहिलंही. तपासणी केली, दोष आढळला नाही. पाच शब्द. ते लिहिताना मला वैष्णवीचं काही वाटलं नाही, मानेचं वाटलं. कधी एकदा खुर्चीला टेकते असं झालं होतं. आज आठवलं की लाज वाटते, पण थकलेला माणूस असाच वागतो. प्रिंट काढायला माऊसवर हात ठेवला, तेव्हा ती माझ्याच बाजूला येऊन उभी होती.

“मॅडम, एक बोलू? तुम्ही टायपिंगवाल्यासारखं दाबून राह्यल्या.”

“म्हणजे कसं?”

“वरून ठोकता अन् सोडता. आम्ही असं नाही दाबत. आम्ही धरून ठेवतो.”

माझा हात थांबला. मी टायपिंग मशीनवर शिकलेली. मास्तर म्हणायचे, अक्षर कागदात रुतलं पाहिजे. तेव्हापासून मी बटण दाबत नाही, खिळा ठोकते. एवढ्या जोराने पट्ट्या आपटल्या तर मधली घाण काय करणार, दबणारच. आणि गेली बावीस वर्षं मी प्रत्येक कीबोर्ड असाच पास करत आले होते.

“बस इथं,” मी माझी खुर्ची तिला दिली. “घरी खेळतेस तशी बोटं ठेव.”

तिने डावा हात ठेवला. मधलं बोट डब्ल्यूवर, बाजूची दोन ए आणि डीवर. डब्ल्यू म्हणजे पुढे, एस मागे, ए डावीकडे, डी उजवीकडे. तिची बोटं बटणांवरून उठतच नव्हती. अर्धवट दाबलेली, किंचित बाजूला झुकलेली, कणीक मळताना हात चालावा तशी सहज चालत होती. अर्ध्या मिनिटात स्क्रीनवर डी दोनदा उमटला. मग पुन्हा. मग डब्ल्यू. मी आकडे वाचले. सात मिलिसेकंद, पाच, सहा.

“अगं बाई,” मी म्हणाले.

“दिसलं ना? दिसलं ना मॅडम?” तिचा आवाजच फुटला.

मी तयार केलेलं पत्र पुसलं.

पण दिसणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. कीबोर्डच्या आतही मॅक्रो साठवता येतो, आणि स्पर्धावाले तेच म्हणाले असते. या कीबोर्डचे स्विच चिमट्याने उपटून बदलता येतात. मी डीचा स्विच उपटला आणि कोपऱ्यातल्या पॉझ नावाच्या बटणाखाली बसवला. पॉझचा डीखाली. पॉझ हे बटण आयुष्यात कोणी दाबत नाही, त्यावर मॅक्रो कोण कशाला लावेल? दोन्ही बटणं तिलाच दाबायला लावली. आता डी गुपचूप, एकेकदा. आणि पॉझ दोनदा. दोष स्विचबरोबर चालत गेला होता. मॅक्रो असा चालत जात नाही. मी सगळ्याचा व्हिडिओ काढला.

मग तो स्विच उघडला. नखाएवढी वस्तू. भिंगाखाली धरली आणि मी भिंग बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनीच पाहत राहिले. आत पट्ट्यांवर लालसर पिवळं काहीतरी सुकून बसलं होतं. डब्ल्यू, ए, एस उघडले, तिन्हीत तेच. बाजूचे क्यू, ई, एफ स्वच्छ. फक्त या चारच बटणांत.

माझ्या टेबलावर करंट तपासायचा मीटर होता. त्याच्या झाकणावर बोटाएवढा डाग होता, लालसर पिवळा. तो मीच लावलेला. महिनाही झाला नव्हता.

मी वैष्णवीकडे पाहिलं. तिनेही मीटर पाहिला होता. ती घाईघाईने म्हणाली, “मॅडम, माझ्याकडूनच काही सांडलं असल. चहा असल. तसं लिहा.”

दोन तासांत ती पहिल्यांदा खोटं बोलली, आणि तेही तिला बोलता येईना.

“चहा कुठला वं?” बाकावरून आवाज आला. आई उठून टेबलापाशी आली होती. “हे तर कुंकू हाये. म्याच लावलं होतं दसऱ्याले.”



“तिचे बाबा पंपाले, ट्रॅक्टरले लावत होते,” आई मला सांगू लागली. “म्हनलं, पोरीच्या हत्याराले कोन लावनार? सगळ्याले नाही लावलं मॅडम. या चारच बटना घासल्या होत्या, अक्षरंच गेले होते त्यांचे. म्हनलं, ज्या राबतात त्यांचीच पूजा. हळद-कुंकू पान्यात कालवलं, फुलानं पानी शिंपडलं. मले का माहीत आत जाते म्हनून?”

“आई, तू नाही केलं काही,” वैष्णवी म्हणाली. “मीच वल्ल्या फडक्यानं पुसलं घाईघाईत. संध्याकाळी मॅच होती.”

“म्हंजे माह्या पायी तुले चोर म्हनले लोकं?” आईने पदर तोंडाला लावला.

मला गलबलून आलं. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. ती दिवसभर काय करते हे मला विचारलं, तर मी “कॉम्प्युटरवर असते” यापुढे काही सांगू शकत नाही. आणि ही बाई, जिला त्या खेळाचं नाव घेता येत नव्हतं, तिला आपल्या पोरीची कुठली चार बटणं राबतात हे पक्कं ठाऊक होतं.

मी त्यांना चहा मागवला आणि सरळ सांगितलं. “ताई, खरं लिहिलं तर वॉरंटी जाते. कंपनी नवा कीबोर्ड देणार नाही. नुसतं ‘स्विच खराब’ लिहिलं तर नवा मिळेल, पण स्पर्धावाले विचारतील, नेमके हेच चार कसे खराब झाले? त्याला मग उत्तर नाही.”

वैष्णवीने आईकडे पाहिलं. आईने पदर खाली केला. “कुंकू लिहा मॅडम. कीबोर्ड काय, घेता येते. नाव कुठून आनू?”

कंपनीच्या फॉर्ममध्ये दोषाच्या कारणांची यादी असते. द्रव, धूळ, किडे, जळणे. कुंकवाला रकाना नाही. मी ‘इतर’वर खूण केली आणि पुढे लिहिलं : दसऱ्याच्या पूजेचं ओलं हळद-कुंकू चार स्विचमध्ये गेलेलं. त्यामुळे चॅटरिंग. मॅक्रो नाही. सोबत व्हिडिओ.

शेठनी सही करायला कागद घेतला आणि कपाळाला हात लावला. “मॅडम! हे काय लिहिलं? कंपनीतले हासतीन आपल्याले.”

“तुमच्या बिलाच्या मशीनवर काय आहे, शेठ?”

त्यांनी मागे वळून पाहिलं. स्क्रीनच्या वर त्यांनीच काढलेलं स्वस्तिक होतं, त्याला सुकलेल्या अक्षता चिकटलेल्या. त्यांनी पेन उघडून सही केली.

मी कधीच लागत नाहीत अशा बटणांचे चार चांगले स्विच काढून तिच्या चार बटणांखाली बसवले. पाच मिनिटांचं काम. सतरा मशीनं तशीच राहिली, ती शिव्या खात दुसऱ्या दिवशी झाली.

दोन दिवसांनी वैष्णवीचा फोन आला. तिचं नाव कायम ठेवलं होतं. स्पर्धावाल्यांनी एक ओळ जादा लिहिली होती, की असं कारण त्यांच्याकडे याआधी आलं नव्हतं. पुढे त्यांची टीम दुसऱ्याच फेरीत हरली. गावच्या ग्रुपवर ती चोर असल्याची बातमी एका सकाळीत फिरली होती. नसल्याची फिरायला आठ दिवस लागले, आणि ती पोरीने स्वतः टाकली तेव्हा. शाल देणाऱ्यांनी अंगठा दाखवला फक्त, व्हॉट्सॲपवरचा.

मी दोन गोष्टी बदलल्या. कीबोर्ड तपासायला बसले की आता गिऱ्हाइकालाच दाबायला लावते, माझ्या बोटांवर माझा भरवसा राहिलेला नाही. आणि फॉर्ममध्ये ‘काही सांडलं का’च्या खाली पेनाने एक प्रश्न वाढवला : दसऱ्याला पूजा केली का? सांडलं का विचारलं की सगळे नाही म्हणतात. पूजा केली का विचारलं की सगळे छाती फुगवून हो म्हणतात. त्या एका प्रश्नाने मी आतापर्यंत तीन प्रिंटरचा आणि एका वजनकाट्याचा रोग ओळखला.

पुढच्या दसऱ्याला सकाळीच फोन वाजला. वैष्णवीची आई.

“मॅडम, पूजा मांडून राह्यली. कुठं लावू?”

“कीबोर्डला नका लावू ताई. टेबलाला लावा.”

“टेबल कुठं राबते?” त्या म्हणाल्या. “मंग तिच्या बोटांलेच लावते.”

“लावा,” मी म्हटलं. “पण वाळेपर्यंत खेळायला बसू देऊ नका.”