चिमटेवाले किडे आणि सोनपेठची कुपी

कुप्यांची अदलाबदल मीच केली. निजामाच्या अमदानीत मी परभणीजवळच्या एका सरकारी शेतावर कारकून होतो. तिथल्या साहेबांना शेपटीला चिमटा असलेल्या किड्यांचा नाद होता, त्यातही तांदळाच्या दाण्याएवढ्या लहान जातींचा. पंख आहेत की नाहीत, नराचा चिमटा वाकडा की सरळ, मिशीला पेरं किती, यावरून ते जाती लावत आणि कोणती जात कुठल्या गावी सापडते याचा तक्ता करत.

किडे आणायला झरीचे एक हंगामी कामगार होते. वयानं मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणे. एवढं काम चोख झालं की साहेब त्यांना कायम करणार होते.

दादांनी तीन कुप्या आणल्या: झरी, परभणी, सोनपेठ. प्रत्येकीला चिठ्ठी गुंडाळलेली. झरीच्या कुपीचं बूच हरवल्यामुळे तिला कापसाचा बोळा लावला होता. मी चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि कुप्या त्याच क्रमानं डावीकडून मांडल्या, जसं मराठी लिहितात तसं. दुसऱ्या दिवशी रजिस्टरवरून उर्दूत लेबलं लिहिली आणि उर्दूच्या सवयीनं उजवीकडून चिकटवत गेलो. परभणी मधोमध असल्यानं बरोबर राहिली. त्यात माझं कर्तृत्व नाही.

पंखवाली जात फक्त झरीच्या उकिरड्यांत आहे, सोनपेठला एकही नाही, असं दादांनी आधीच सांगितलं होतं. आता सोनपेठच्या कुपीत सगळे पंखवालेच निघाले. साहेबांनी ठरवलं की हा माणूस सोनपेठला गेलाच नाही, घरी बसून मनाला येईल तशा कुप्या भरल्या. दादा सांगत राहिले की गोदावरीकाठी दोन दिवस दगड उलथले. महिनाअखेर त्यांना काढायचं ठरलं.

चौथ्या दिवशी कुप्या पुसताना कापसाचा बोळा सोनपेठचं लेबल असलेल्या कुपीला दिसला. दादा बाहेर गोठा झाडत होते. वीस पावलांवर. मी कुप्या नीट पुसल्या आणि कपाट लावलं. तक्ता तसाच हैदराबादला गेला. दादाही गेले.

पुढं निजामाचं राज्य गेलं, साहेबही गेले. कबूल करण्यात धोका उरला नाही, तेव्हा मी झरीला गेलो. दादा खळ्यावर होते. डावं-उजवं कसं झालं ते मी सविस्तर समजावलं. येताना तेवढंच पाठ केलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"कुप्याचं जाऊ द्या, कारकूनसाहेब. चूक कुणाकडूनबी होते. तुमाला कळलं कवा, ते सांगा."

"चौथ्या दिवशी," मी म्हणालो. "तुम्ही गोठा झाडत होतात. तुम्हाला काढणार हे मला माहीत होतं. माझी नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो. दादा, मला त्याची माफी मागायची आहे."